गोगलगाईसाठी दीडशे रुपयांची मोटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. यंदा पावसात आमच्या अकरावीच्या मुलांनी कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) गोगलगाईंवर प्रयोग मांडला. शिंगाला हलकेच काही लागले की गोगलगाय ते आत ओढते. तसाच स्पर्श पुनःपुन्हा झाला की ओढणे कमी होत जाते. यात भिण्यासारखे काही नाही, हे ती शिकते.

पण हाताचा भरवसा नव्हता. एकाचा हात जड, दुसरीचा विसाव्या खेपेला दमलेला. मग मुलांनी यंत्रच केले: आर्डुइनो बोर्ड (मोटरला हुकूम देणारा छोटा संगणक), सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी छोटी सर्व्हो मोटर, आइस्क्रीमच्या काड्या आणि टोकाला गरीची तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा तंतू. वर चित्रीकरणाला जुना मोबाइल. दर वीस सेकंदांनी एक स्पर्श. मोबाइल सोडून खर्च हजाराच्या आत.

तंगूस अशासाठी, की तंतू ठरावीक जोरापर्यंतच टोचतो. पुढे तो वाकतो आणि आणखी दाबले तरी जोर फारसा वाढत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय यांनी १८९६ मध्ये घोड्याच्या केसांनी हेच साधले होते. लांबी निम्मी केली की जोर साधारण चौपट होतो. मुलांनी तो सोनाराच्या काट्यावर मोजला.

पहिल्या दिवशी सगळे फसले. तंगूस टेकण्याआधीच गोगलगाय शिंगे आत घेई. मोटरची थरथर टेबलातून तिच्या पायाला कळत होती! एका मुलीने स्पर्श न करता नुसती मोटर फिरवून ते दाखवून दिले. मोटर वेगळ्या स्टुलावर गेली, तेव्हा नोंदी जुळू लागल्या. वीस वर्षांत इतका चांगला तास मी घेतलेला नाही.

हा खर्च मात्र माझ्या पर्समधून झाला. प्रयोगशाळेच्या अनुदानातून आम्हाला यादीतली तयार उपकरणेच घेता येतात. दीडशे रुपयांची सुटी मोटर त्यात बसत नाही. राज्यात सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत रोबोटिक्स पोहोचले, याचा मला आनंद आहे. पण ते काळ्या रेषेवरून धावणाऱ्या गाडीपाशी का थांबावे? शिक्षण खात्याने सुट्या भागांसाठी वर्षाला दोन हजार रुपये खर्चण्याची मुभा द्यावी आणि रोबोटिक्सच्या प्रशिक्षणाला जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही बोलवावे.

पाऊस सरला की गोगलगाई कवचाचे तोंड बंद करून निजतील. पुढच्या जूनपूर्वी परिपत्रक निघावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका, डिचोली