विषय: क्लेम नामंजूर केल्याबद्दल – आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असणं म्हणजे आजार असणं नव्हे

धनकवडी, पुणे
४ डिसेंबर २०२५

प्रति,
दावे विभाग प्रमुख आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी,

परवा, २ डिसेंबरला दुपारी, तुमच्या वैद्यकीय विभागातल्या अधिकाऱ्यांशी माझं सव्वीस मिनिटं बोलणं झालं. त्यानंतर हे पत्र लिहिते आहे. आता फोन करणार नाही. नऊ फोन झाले, शिवाजीनगरच्या शाखेत तीन खेपा झाल्या, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. लेखी दिलेलं तरी कुणीतरी वाचेल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझी आरोग्य विम्याची पॉलिसी १२ ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी बोटं सुजायला लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो त्याचं, निदान झालं. मेथोट्रेक्सेट आणि जोडीला आणखी दोन औषधं सात महिने घेऊनही सूज हटेना, म्हणून डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब द्यायचं ठरवलं. १० आणि २५ ऑक्टोबरला त्याचे दोन डोस झाले. कॅशलेस नाकारलं गेलं, म्हणून आधी खिशातून भरले: ८६,४०० रुपये. २० नोव्हेंबरला तुमचं पत्र आलं. क्लेम नामंजूर, कारण ‘आजार पॉलिसीपूर्वीचा’. पुरावा म्हणून नोव्हेंबर २०२२ च्या तपासणीतली एक ओळ दिली आहे: आरए फॅक्टर (आमवातात बऱ्याचदा रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड) ३१, मर्यादा २०.

तो कागद तुमच्याकडे कुठून आला? मी दिला. तुम्ही शोधून काढलेला नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले होते, मी कपाटातून काढून फाईलला लावले, आणि तीच फाईल जशीच्या तशी तुमच्याकडे पाठवली. शाळेतल्या आम्ही आठ-दहा शिक्षिकांनी मिळून साठ-एक चाचण्यांचं पॅकेज केलं होतं. साखर आणि थायरॉइड बघायचं होतं. त्यात ही ओळ होती. तेव्हा माझा एकही सांधा दुखत नव्हता. कुठल्या डॉक्टरांकडे गेले नाही, कुणी निदान केलं नाही, कुणी गोळी दिली नाही. तुमच्या फॉर्मवर ‘कोणता आजार आहे का, उपचार चालू आहेत का’ असं विचारलं होतं. मी ‘नाही’ लिहिलं, आणि ते खरं होतं. पॉलिसी देण्याआधी तुम्हीच तुमच्या लॅबमधून माझं रक्त घेतलं होतं, ईसीजी काढला होता. त्या वेळी बोटं, मनगटं दाबून बघायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं.

आता परवाच्या फोनबद्दल.

सुरुवातीची अकरा मिनिटं मी तुमची धून ऐकत होते. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावावा लागतो, कारण माझ्या हाताला फोन फार वेळ धरवत नाही. मग साहेब आले. त्यांनी नाव सांगितलं नाही, ‘डॉक्टर’ एवढंच सांगितलं. मी म्हटलं, २०२२ मध्ये मला आजार होता असं तुम्ही कशावरून म्हणता? ते म्हणाले, “मॅडम, फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आजार होताच. तुम्हाला कळला नाही एवढंच.” मी म्हटलं, निदानासाठी सांध्याला सूज लागते, ती नव्हती. त्यावर, “ते तुम्ही म्हणताय.” मी म्हटलं, अँटी-सीसीपी ही रक्ताची चाचणी २०२२ मध्ये झालेलीच नाही, ती २०२५ मध्ये पहिल्यांदा झाली, तिचा तरी विचार करा. ते म्हणाले, “सीआरपी ना? ती तर तापातही वाढते.” मी सांगितलं, सीआरपी नाही, सीसीपी. ते म्हणाले, “तेच ते.”

तेच ते! सीआरपी अंगातली सूज मोजते, ती साध्या फ्लूनेही वाढते. अँटी-सीसीपी ही या एका आजाराची जवळजवळ सहीच. आमवाताचा क्लेम मंजूर करायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला हा फरक माहीत नसावा, आणि तो मला सांगावा लागावा? मी पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवते. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने हृदय आणि यकृत यांची अदलाबदल केली तर मी त्याला शांतपणे समजावते, कारण तो दहा वर्षांचा आहे.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे ते म्हणाले, “मॅडम, या वयात बायकांना वात असतोच. आमच्या घरीही आहे. शेक द्या, बरं वाटेल.” आणि शेवटी, आवाज खाली आणून, मला मदत करत असल्यासारखं, “खरं सांगू का, तो जुना कागद तुम्ही लावायलाच नको होता.”

हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण पेन अंगठा आणि तर्जनीत धरवत नाही, मुठीत धरावा लागतो. पण वाक्य शब्दाला शब्द तेच आहे. तुमची कंपनी पॉलिसी विकताना छापते, ‘सर्व माहिती प्रामाणिकपणे द्या’. मी दिली. आणि तुमचाच डॉक्टर मला सांगतो की देऊ नये.

त्यांना ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. तुमच्या विभागात हे कुणाला तरी माहीत असणारच, असं मी धरून चालते.

आरए फॅक्टर म्हणजे आपल्याच एका प्रतिपिंडाच्या शेपटीला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड. नॉर्वेच्या एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून ते डॉक्टरांना माहीत आहे. आमवात असलेल्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांत ते सापडतं. पण हेपॅटायटिस सी असलेल्यांतही सापडतं, क्षयरोगात सापडतं, शोग्रेन नावाच्या आजारात सापडतं, आणि काहीही न झालेल्या धडधाकट माणसांतही सापडतं, वय वाढेल तसं जास्त. तुमचा नियम लावला तर पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या आजोबांपैकी काहींना तुम्ही आमवाताचे रोगी ठरवाल.

अँटी-सीसीपी वेगळी. प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. काही एन्झाइम्स त्याचं सिट्रुलिन करतात. हे प्रत्येकाच्या शरीरात होतं. ज्यांच्या अंगात आनुवंशिक कल असतो, शिवाय धूम्रपान किंवा हिरड्यांच्या जुनाट आजाराची भर पडते, त्यांच्यापैकी काहींचं शरीर या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. अँटी-सीसीपी चाचणी तीच प्रतिपिंडं शोधते. (मी धूम्रपान करत नाही. पुन्हा फॉर्म पाठवण्याची गरज नाही.) ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर आजार आमवातच असण्याची खात्री बरीच जास्त, साधारण ९५ टक्के निरोगी किंवा इतर आजार असलेल्यांत ती निगेटिव्हच येते. माझी २०२५ मध्ये २०० च्या वर आली. २०२२ मध्ये केलेलीच नव्हती. नसलेल्या रिपोर्टवरून तुम्ही काय ठरवणार?

निदान कसं करतात हेही मी फोनवर सांगत होते. २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी एकत्र बसून निकष ठरवले. पहिली अट अशी की किमान एका तरी सांध्याला डॉक्टरांनी तपासून सूज आढळली पाहिजे. ती नसेल तर गुण मोजायचेच नाहीत. ती असेल तर १० पैकी ६ गुण लागतात. प्रतिपिंडं मर्यादेच्या थोडी वर असतील तर २ गुण, तिपटीहून वर असतील तर ३. माझं ३१ म्हणजे जास्तीत जास्त २ गुण, आणि तेही सूज असती तर. फेब्रुवारी २०२५ मध्ये माझे सुजलेले लहान सांधे चार ते दहा या गटात होते, त्याचे ३, प्रतिपिंडांचे ३, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर चाचणीचा १, सहा आठवड्यांहून जास्त काळ टिकल्याचा १, एकूण ८. हा हिशेब माझा नाही, डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिला आहे. तो पेपर तुमच्याकडे आहे. फाईलमध्ये पान चौदा.

तुमच्या पत्रात एका संशोधनाचा मोघम उल्लेख आहे, की ही प्रतिपिंडं लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात येतात. खरं आहे. मी नाकारत नाही. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचे साठवून ठेवलेले नमुने तपासले होते, तो अभ्यास २००४ चा. पुढे ज्यांना आमवात झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांच्या जुन्या रक्तात ही प्रतिपिंडं होती, सरासरी साडेचार वर्षं आधीपासून. म्हणजे उरलेल्या निम्म्यांत नव्हती. आणि प्रतिपिंडं असूनही ज्यांना कधीच काही होत नाही अशीही माणसं आहेत. शक्यता वाढली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पेठेतल्या जुन्या वाड्याला लाकडी जिना असतो, म्हणून तो वाडा आधीच जळाला होता असं कुणी म्हणत नाही.

शिवाय कायद्यातला शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असायला हवा. विमा नियामकांची २०२४ पासूनची व्याख्या सांगते की पॉलिसीपूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिले तो. निदान, सल्ला, उपचार. तिन्हींतलं एकही २०२२ मध्ये झालेलं नाही. लॅबच्या मशिनने छापलेली ओळ म्हणजे निदान नव्हे.

पत्रात दुसरं कारण दिलंय, ‘इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात देता येण्याजोगे’. हे लिहिणाऱ्याने रिटुक्सिमॅब देताना कधी पाहिलेलं नाही. सकाळी आठला मी कॉटवर. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. मग सलाईनमधून औषध, सुरुवातीला अगदी थेंब थेंब, अर्ध्या अर्ध्या तासाने वेग थोडा वाढवायचा, दर वेळी सिस्टर बीपी बघणार. तासाभराने माझ्या घशाला खाज सुटली, तर वेग परत कमी केला. दुपारी दोन वाजले. दंडाला सुई टोचून रिक्षाने घरी पाठवण्याचा हा प्रकार नाही. रिटुक्सिमॅब हे मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारचं औषध आहे, आणि अशा अँटिबॉडीचं इंजेक्शन नियामकांनी २०१९ मध्येच आधुनिक उपचारांच्या यादीत घातलं आहे, आणि त्या यादीतले उपचार नाकारू नयेत असं सांगितलं आहे.

आणि यात तुमचं तुम्हालाच कसं खटकत नाही? रिटुक्सिमॅब ज्या बी पेशींना संपवतं, त्याच पेशींपासून पुढे ही प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तयार होतात. म्हणजे क्लेम नाकारायचा तेव्हा प्रतिपिंड हाच आजार, आणि त्यावरच्या औषधाचे पैसे द्यायचे तेव्हा ते साधं वाताचं इंजेक्शन. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात तर आजाराचं नाव ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ असं पडलं आहे. तो वेगळा आजार आहे, तो घशाच्या जंतुसंसर्गानंतर होतो आणि हृदयाच्या झडपा खराब करतो. माझ्या कुठल्याही कागदावर तो शब्द नाही.

‘शेक द्या’ म्हणणाऱ्यांसाठी माझी सकाळ सांगते. शाळा ७:१० ची. पूर्वी साडेपाचला उठायचे, आता पावणेचारला उठते, कारण मुठी उघडायला दीड तास लागतो. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते. दुधाची पिशवी दातांनी फाडते. हिरव्या बांगड्या मार्चमध्ये कापून काढाव्या लागल्या, सुजेवरून उतरेनात. बसमध्ये दांडा धरता येत नाही, म्हणून उभं राहायचं असेल तर पुढची बस. खडू बोटांत राहत नाही, म्हणून फळ्यावर तारीख वर्गातली एक मुलगी लिहिते. हे दुसऱ्या डोसच्या आधीचं. आता नोव्हेंबरच्या अखेरीस पहिल्यांदाच मी स्वतः फळ्यावर एक पूर्ण ओळ लिहिली. ज्या औषधाने हे झालं त्याचे पैसे तुम्ही नाकारले आहेत.

आमच्या घरी तुमच्या कंपनीचं नाव माझ्या वडिलांमुळे आलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही एका दिवसात मंजूर केलं होतं. त्या विश्वासावर मी शाळेतल्या चार जणींना तुमच्याकडे आणलं. त्या चौघी आता मला विचारतात, आपणही ते पॅकेज केलं होतं, आपल्या रिपोर्टमध्ये काय काय आहे? एक जण तर म्हणाली, फाडून टाकते. मी तिला नको म्हटलं, पण का नको, हे नीट सांगता आलं नाही.

मला पूर्ण ८६,४०० रुपये हवेत. नामंजुरी कायम ठेवणार असाल तर तसं पान चौदावरच्या गुणांना उत्तर देऊन, सही करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून लेखी कळवा. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी विमा लोकपालांकडे जाणार. त्यांचं कार्यालय नारायण पेठेत आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. वहीतलं ते वाक्य तिथे वाचून दाखवीन. जुना कागद लावायला नको होता म्हणणारे अधिकारी कोण, हे तुमच्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये असेलच. ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.

पुढचा डोस बहुधा एप्रिलमध्ये लागेल. तेव्हा फाईल पुन्हा तुमच्याकडे येईल. नोव्हेंबर २०२२ चा तो कागद त्यात असेल, आहे त्याच जागी. मी तो काढणार नाही.

तुमची पॉलिसीधारक