तुझी भूगोलाची वही

मंगळवार पेठ,
कोल्हापूर.
१५ जून २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी उद्यमनगरात बाबांच्या वर्कशॉपमध्ये बसलो होतो. लेथच्या आवाजात तुझे निम्मे बोलणे वाहून गेले. पण पदवीचा निकाल लागला आणि पुढेही पुण्यात भूगोलच घेणार, ही दोन वाक्ये मात्र स्वच्छ ऐकू आली. मी ‘लई बरं झालं’ एवढेच म्हणालो आणि फोन ठेवला. या बातमीवर निदान मी तरी इतके कमी बोलायला नको होते, हे दोन दिवस मनाला लागून राहिले आहे. माझीही बी.कॉम.ची शेवटची गुणपत्रिका हातात आली आहे. पण ती पाहताना मला कॉलेज आठवले नाही, शाळा आठवली, आणि शाळा आठवली की तुझ्याशी बोलायचे राहून गेलेले बरेच काही वर येते. ते फोनवर मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला आहे.

काल रात्री माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तुझी वही तशीच आहे. आईने पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून वर सुतळी बांधली होती, ती गाठसुद्धा तोवर कुणी सोडली नव्हती. खाकी कव्हरवर तुझे नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली ‘भूगोल’ हा शब्द तू दोनदा गिरवलेला. आत भारत आणि ब्राझील पानोपानी शेजारी शेजारी बसलेले आहेत, कारण दहावीचे अख्खे पुस्तकच त्या दोन देशांच्या तुलनेचे होते. ॲमेझॉनच्या उपनद्या तू निळ्या पेन्सिलीने इतक्या बारीक काढल्या आहेस की पानाच्या पाठीमागे त्यांची नक्षी उमटली आहे.

मी पाचवीपासून त्या शाळेत होतो, पण पहिली तीन वर्षे मला फारशी आठवत नाहीत. माझी शाळा खऱ्या अर्थाने आठवीत सुरू झाली, म्हणजे गावची सातवीपर्यंतची शाळा संपवून तू चिखलीहून आमच्या वर्गात आलास तेव्हा. तू पाठीमागच्या बाकावर बसायचास आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाहीस. शहरातली आम्ही मुले गावाकडच्या मुलाला जरा खालचे समजत होतो, हे आज कबूल करायला हवे. मग एके दिवशी भूगोलाच्या बाईंनी पंचगंगेच्या पाच नद्या विचारल्या. माझे आजोळ शुक्रवार पेठेत, घाटापासून हाकेच्या अंतरावर. दर सुट्टीत मी त्या पाण्यात डुंबत वाढलो, आणि तरीही भोगावती व कासारी यांच्यापुढे माझी गाडी सरकली नाही. तू उभा राहिलास आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी नावे सांगून थोडा थांबलास. “पाचवी सरस्वती, पण ती दिसत नाही,” असे तू म्हणालास, आणि वर्ग हसला तेव्हा पुन्हा म्हणालास, “आमच्या गावातच मिळतात त्या. मी रोज बघतो.” त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन पाठीमागच्या बाकावर आलो, तो दहावी संपेपर्यंत तिथेच राहिलो.

नववीबद्दल फार लिहीत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने असले की आपले शेवटच्या तासाला लक्ष नसायचे, आणि तुला गंगावेशीतून बस पकडायची असल्याने मध्यंतरापर्यंतचाच खेळ तुझ्या वाट्याला यायचा; उरलेला सामना मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत तुला सांगायचो. गणितात तू अडखळायचास, मी तुझ्या नकाशांवरून माझे नकाशे काढायचो. ही देवाणघेवाण बरोबरीची होती असे मला तेव्हा वाटायचे.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या आधीच्या शनिवारी मी तुझी वही नकाशे उतरवून घ्यायला घरी आणली होती, हा निव्वळ योगायोग. पहिल्या आठवड्यात एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि आंबेवाडीजवळ रस्त्यावर पाणी आल्याने चिखलीची वाट बंद झाल्याचे कळले. तू आमच्या घरी आलास तो दप्तर आणि अंगावरच्या गणवेशानिशी. रात्री तुझ्या वडिलांचा फोन आला की जनावरे घेऊन उंचावरच्या सोनतळीला निघालो आहोत, आणि त्यानंतर दोन दिवस कुणाचाच फोन लागला नाही. तू रडला नाहीस. तू माझ्याकडे तुझी वही मागितलीस, सर्वांत शेवटचे पान उघडलेस आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मिळेल तेव्हा मिळेल तशी, वेळेसह, एकाखाली एक लिहू लागलास.

ते पान काल मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. वर तू दोन रेघा आखल्या आहेस: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. आकडे त्या दोन्ही रेघा मागे टाकून चढत जातात आणि ५५ च्या वर जाऊन थांबतात. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, पेट्रोल मिळत नव्हते, दूध मिळत नव्हते, आणि चहूकडे पाणी असताना उपसा केंद्रे बुडाल्यामुळे पेठेतले नळ कोरडे पडले होते. बाबा आणि तू टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे राहायचात. परत आल्यावर तू आधी पान उघडायचास, मग पाणी प्यायचास. तिसऱ्या रात्री तुझ्या वडिलांचा आवाज ऐकू आला, माणसे आणि म्हशी सुखरूप असल्याचे कळले, तेव्हा तू पहिल्यांदा पोटभर जेवलास. आई ते अजून सांगते.

पाणी ओसरल्यावर आपण दोघे चिखलीला गेलो. भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तू पुस्तके माळ्यावर ठेवली होतीस, म्हणून वाचली असतील अशी तुला आशा होती. तिथे फुगून एकमेकांना चिकटलेला लगदा होता. उसाच्या उभ्या पिकात गाळ साचला होता आणि तुझे आजोबा उंबऱ्यावर बसून १९८९ आणि २००५ या दोन महापुरांशी या पाण्याची तुलना करत होते. परत निघताना मी तुझी वही तुझ्या हातात दिली. तू ती घेतली नाहीस. “तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुमचं घर उंचावर हाय,” असे म्हणालास. पुढे वर्गातल्या मुलांनी विषय वाटून घेऊन तुझ्यासाठी सगळ्या वह्या पुन्हा लिहिल्या, पण भूगोलाची वही कुणाला लिहावी लागली नाही. तू रविवारी आमच्याकडे येऊन तिच्यातून अभ्यास करायचास आणि ती इथेच ठेवून जायचास.

शाळा पुन्हा भरली तेव्हा बाईंनी जलप्रणालीचा धडा घेतला, आणि सुरुवातीलाच खडू तुझ्या हातात दिला. मला वाटते, त्या शाळेत मी ऐकलेला सर्वांत चांगला तास तो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप कसे उघडतात, तिथून तू सुरुवात केलीस. मग फळ्यावर पंचगंगा काढलीस, ती वळणे घेत नृसिंहवाडीपर्यंत नेऊन कृष्णेला मिळवलीस, आणि सांगितलेस की कृष्णाच तुडुंब भरलेली असली की आपल्या नदीला पुढे जायला जागा उरत नाही. उतार आधीच कमी, त्यात नदी नागमोडी, त्यामुळे पाणी मागच्या मागे फुगत राहते आणि पाऊस थांबला तरी उतरायला दिवस लागतात. त्या तासापर्यंत पूर म्हणजे आमच्यासाठी कुणाच्या तरी घरावर आलेले संकट होते, त्याला कारण असते आणि ते फळ्यावर काढून दाखवता येते हे आम्हाला ठाऊक नव्हते. ज्याचे घर बुडाले होते त्याने, आवाज न चढवता, ते समजावून दिले. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

पुस्तकातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा होता, आणि जानेवारीत बाई वर्गाला तुमच्याच गावी घेऊन आल्या. तुझ्या आईने साठ मुलांना उसाचा रस पाजला. प्रश्नावली घेऊन आपण घराघरांत पाण्याच्या खुणा मोजल्या. संगमावर उभे राहून तू मला म्हणालास की शेवटचा पेपर भूगोलाचा आहे. तो झाला की घरी जायचे नाही, दोघांनी थेट इथे यायचे आणि पोहायचे. मी होय म्हणालो.

पुढचे तुला ठाऊक आहे. २१ मार्च २०२० ला इतिहासाचा पेपर देऊन आपण केंद्राबाहेर पडलो, तेव्हा हस्तांदोलन करावे की नाही यावर मुले बोलत होती. तू सायकलवर टांग टाकलीस आणि ‘सोमवारी’ एवढेच म्हणालास. रविवारी जनता कर्फ्यू लागला. सोमवारचा, २३ मार्चचा, चाळीस गुणांचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला होता, पण ते नुसते भाषण आणि अल्पोपाहार. आपला निरोप त्या सोमवारी व्हायचा होता.

आता जे सांगायला हे पत्र घेतले ते सांगतो. रद्द झालेल्या पेपरचे गुण बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून दिले गेले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता आणि दोष कुणाचाच नव्हता. पण २९ जुलैला निकाल लागला, राज्याचा निकाल ९५.३० टक्के म्हणून सगळीकडे आनंद झाला, आणि मी माझी गुणपत्रिका पाहिल्यावर तुझा क्रमांक टाकून तुझीही पाहिली. मला ९१ टक्के होते आणि तुला ७६. ते मला अपेक्षितच होते. पण सामाजिक शास्त्रांच्या रकान्यातही माझे गुण तुझ्यापेक्षा जास्त होते. माझ्या गणिताने आणि इंग्रजीने मला भूगोलात वर नेले होते, आणि तुझ्या गणिताने तुला तुझ्याच विषयात खाली ओढले होते. ज्याच्या वहीवरून मी सगळे शिकलो त्याच्यापेक्षा मी भूगोलात हुशार आहे, असे त्या कागदावर छापले होते.

मी तुला फोन केला नाही. आईने पेढे आणले, ते मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी तुझाच फोन आला, तू मनापासून अभिनंदन केलेस, आणि स्वतःच्या गुणांविषयी एक शब्द काढला नाहीस. मीही काढला नाही. मी काय बोलणार होतो, हे मला तेव्हा कळत नव्हते. आज कळते की ‘हे बरोबर झाले नाही’ एवढेच म्हणायचे होते आणि तेवढेही मी म्हणालो नाही. त्यानंतर तू कला शाखेला गेलास, मी वाणिज्यला; २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा मी फोन केला, पण तोही दोन मिनिटांचा, पाणी किती आले एवढे विचारण्यापुरता. पुढे तू पुण्याला गेलास. लोक म्हणाले असते की अंतर पडले. अंतराचा त्यात काही संबंध नव्हता, मला तुझ्यासमोर उभे राहायची लाज वाटत होती.

म्हणून परवा तू ‘भूगोलच’ म्हणालास तेव्हा मला जो आनंद झाला तो कशाचा होता, हे तुला कळावे अशी माझी इच्छा आहे. तो रकाना पाहून तू हा विषय सोडशील, अशी भीती मला पाच वर्षे होती. तू सोडला नाहीस. बाईंना मी कालच भेटून ही बातमी सांगितली. त्या आता निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या आजोबांच्या तब्येतीविषयी आणि दुसरा तुझ्या वहीविषयी. ती माझ्याकडे आहे हे ऐकून त्यांनी मला ती नीट ठेवायला बजावले.

वही आता तुला हवी असेल. नद्यांवर काम करायचे तू म्हणालास, तेव्हा शेवटच्या पानावरचे आकडे कदाचित तुझ्या उपयोगी पडतील. त्या आठ-नऊ दिवसांची तुझ्या हातची नोंद आहे ती. टपालाने पाठवायला मन धजत नाही. पुण्यातली तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी कळव. गणपतीला तू गावी येशील तेव्हा मी वही घेऊन चिखलीला येतो, आणि पाणी उतरलेले असेल तर पेपरनंतरचे आपले ठरलेले पोहणे उरकून टाकू.

काकांना आणि काकूंना माझा नमस्कार सांग. आजोबांना सांग की आई त्यांची आठवण काढते. पत्राचे उत्तर पत्रानेच दे.

तुझा,
पाठीमागच्या बाकावरचा मित्र