घोटा समजावून सांगणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

माझी मुलगी खो-खो खेळते, हे आपण जाणताच. खांबाला वळसा घेताना तिचा उजवा पाय वारंवार मुरगळत असे आणि एक्स-रेमध्ये काही न दिसल्यामुळे ‘हाड शाबूत आहे, शेक घ्या, क्रेप बँडेज बांधा’ यापलीकडे आम्हांला कोणीच काही सांगत नव्हते. (नातेवाइकांनी सुचवलेल्या तेलांविषयी न लिहिलेलेच बरे.)

आपण प्रथम तिला घोट्याची दोन्ही टोके स्वतःच्या बोटांनी चाचपायला लावलीत. बाहेरचे टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेले असते, त्यामुळे पाऊल बाहेर कलताना अडते आणि आत मात्र सहज कलते, हे तिला तिथेच उमगले. नंतर सांगाड्याचे पाऊल हातात घेऊन आपण दाखवलेत, की नडगीचे हाड व शेजारचे बारीक हाड यांच्या खाचेत बसणारे टॅलस हे पावलाचे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर ओढले की ते खाचेत घट्ट बसते, पण चवड्यावर भार आला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांध्याची भिस्त हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या लिगामेंटवर पडते. बाहेरच्या तीन लिगामेंटपैकी पुढचे सर्वांत कमजोर, आणि अशा वेळी ताण येतो तो नेमका त्याच्यावरच. खो-खोपटू तर सतत चवड्यावर!

नडगी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा जास्त सरकला, तो आम्हीही पाहिला. मात्र लिगामेंट सैल पडणे ही अर्धीच गोष्ट असून, पावलाच्या स्थितीची जाणीव मंदावल्यामुळे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू वेळेवर आवळत नाहीत, हे आपण सांगितल्यावरच उशीवर एका पायाने, डोळे मिटून उभे राहण्याच्या व्यायामाचे प्रयोजन कळले. सैल लिगामेंट घट्ट करण्यासाठी ब्रॉस्ट्रॉम या शल्यचिकित्सकांनी 1966 मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेची माहितीही आपण दिलीत, पण आधी व्यायाम, असे ठामपणे सांगितलेत. त्या ठामपणाबद्दल आपले विशेष आभार.

आता ती न कचरता वळसा घेते. सरावाच्या वेळी लावायची टेप कधी बंद करायची, ते पुढच्या भेटीत ठरवू.

आपला कृतज्ञ,
एका खेळाडूचा पिता