पेटीत झोपवण्याआधी तळपाय पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाला बंद पेटीत ठेवून न भरणाऱ्या जखमांवर केल्या जाणाऱ्या ‘ऑक्सिजनच्या जादू’विषयी गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत मजकूर आला होता. त्यातला ‘जादू’ हा शब्द खटकला, म्हणून हे पत्र. ही जादू विकत घेण्याची वेळ आमच्या घरावर येऊन गेली आहे.

माझे थोरले बंधू एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. मधुमेह बावीस वर्षांचा. उजव्या चवड्याखाली कुरूप झालं, ते त्यांनी दाढीच्या ब्लेडने तासलं. दुखलं नाही, आणि मेख तिथेच होती. पाय केव्हाचा बधिर झाला होता. जखम चिघळली. मग चार महिने रोज ड्रेसिंग. रोज सकाळी दादा तीच जखम टेकत रिक्षा स्टँडपर्यंत चालत जायचे, दवाखान्याचा जिना चढायचे आणि नवी पट्टी बांधून तसेच चालत परत यायचे. दिवसभर त्या जखमेवर किती वजन पडतं, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नाही. शेवटी एका रुग्णालयाने सांगितलं, हायपरबॅरिक ऑक्सिजनची चाळीस सिटिंग घ्या, एका सिटिंगचे साडेतीन हजार. म्हणजे एक लाख चाळीस हजार. वहिनींनी पाटल्या काढून ठेवल्या होत्या.

हा उपचार थोतांड नाही, हे आधीच सांगतो. बंद पेटीत हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करतात आणि रुग्ण साधारण दीड तास शुद्ध ऑक्सिजन घेतो. एरवी ऑक्सिजन वाहून नेतात त्या रक्तातल्या तांबड्या पेशी. इतक्या दाबाखाली तो रक्तद्रवातही भरपूर विरघळतो आणि उपाशी पेशींपर्यंत पोचतो. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना होणाऱ्या आजारावर, कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवर, किरणोपचाराने खराब झालेल्या हाडांवर तो वापरला जातो. मधुमेही पायाबाबत मात्र चित्र इतकं स्वच्छ नाही. स्वीडनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 94 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात जखम भरण्याचं प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत 52 टक्के होतं, न घेतलेल्यांत 29 टक्के. नेदरलँड्समध्ये 2018 साली आलेल्या 120 रुग्णांच्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. मधुमेही पायाविषयीची 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं म्हणतात, रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची जखम नेहमीच्या उपचारांनी भरली नाही, तर जोड म्हणून याचा विचार करावा. जोड म्हणून! पुरवणीतल्या मजकुरात हा शब्द कुठेच नव्हता.

पेटीत आगीचा धोका असतो, म्हणून डोक्याला तेल लावून किंवा खिशात मोबाइल ठेवून आत जाता येत नाही. कानाचे पडदे दुखावू शकतात, साखर एकदम उतरू शकते. हेही छापायला हवं होतं.

पाटल्या मोडण्याआधी आम्ही दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. दहापैकी सात जागी दादांना काही कळलं नाही. मग दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून पायाला रक्त पुरेसं पोचतंय का ते पाहिलं. पोचत होतं. हाडाला संसर्ग नाही हे एक्स-रे आणि तपासण्यांवरून ठरवलं, मेलेली कातडी छाटली आणि पायाच्या आकाराबरहुकूम प्लास्टर घातलं. चवड्यावरचा भार त्यामुळे साऱ्या पायावर आणि पोटरीवर वाटला जातो. प्लास्टर दर आठवड्याला बदललं. नऊ आठवड्यांत जखम भरली. पेटीची गरजच पडली नाही. ती प्रत्येकाला पडणार नाही असं मी म्हणत नाही, पण गरज आहे की नाही हे ठरवायला आधी पाय तपासावा लागतो.

हे प्लास्टर परदेशातून आलेलं नवं तंत्र नाही, हे कळल्यावर मला गंमत वाटली. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर असंच प्लास्टर वापरत. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तेच ज्ञान मधुमेही पायांसाठी लावलं. म्हणजे आपल्याकडच्या कुष्ठरुग्णांच्या पायांनी जगाला शिकवलेली गोष्ट आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही.

माझी मागणी साधी आहे. मधुमेहाच्या शिबिरात साखर मोजतात, रक्तदाब मोजतात, पण चपला काढायला सांगत नाहीत. तो तंतू स्वस्त असतो आणि तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी व्हावी आणि जिल्हा रुग्णालयात प्लास्टर घालणारा एक तरी माणूस असावा. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी याचा पाठपुरावा करावा.

जाता जाता चपलेचं सांगतो. दादांना एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची मऊ चप्पल दिली, तेव्हा ‘ही महारोग्यांची चप्पल, मी घालणार नाही’ म्हणून ते महिनाभर अडून बसले होते. आता घरातही ती घालूनच वावरतात. देवघरासाठी धुतलेली वेगळी जोडी वहिनींनी उंबऱ्यापाशी ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, कराड