महिला महाविद्यालय वाचवायचे, तर माजी विद्यार्थिनींनी आताच पुढे यावे

संपादक महोदय,

महाराष्ट्रातील महिला महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या अनेक स्त्रिया लग्नाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव येथे येऊन स्थायिक झाल्या आहेत. मी त्यांपैकीच एक. आमच्या महाविद्यालयातील प्रवेश गेली काही वर्षे घटत आहेत, आणि ते सहशिक्षणाचे करावे किंवा टप्प्याटप्प्याने बंद करावे, असा विचार संस्थाचालकांपुढे असल्याचे समजते. महाविद्यालयाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. निर्णय झालेला नसताना नाव छापून आले, की पालक मुलींचे अर्ज दुसरीकडे भरतात आणि जी घट बंद करण्याचे कारण म्हणून दाखवली जाते, ती त्या बातमीनेच वाढते. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणींना नाव न घेताही हे पत्र कोणासाठी आहे ते कळेल, आणि इतर महिला महाविद्यालयांतून शिकलेल्यांनाही ते परके वाटू नये.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात स्वीट ब्रायर नावाचे महिला महाविद्यालय आहे. इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंनी आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ मृत्युपत्राने दिलेल्या जमिनीवर आणि पैशांवर ते १९०१ मध्ये स्थापन झाले. ३ मार्च २०१५ रोजी तेथील संचालक मंडळाने, आर्थिक अडचणींवर मात करणे आता शक्य नाही, असे सांगून त्याच उन्हाळ्यात महाविद्यालय बंद करण्याची घोषणा केली. त्या वेळी महाविद्यालयाकडे आठ कोटी डॉलरहून अधिक स्थायी निधी आणि तीन हजार एकरांहून अधिक जमीन होती. माजी विद्यार्थिनींना या निर्णयाची आधी कल्पना नव्हती. मात्र शोकसभा आणि निषेधाची पत्रके यांवर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतंत्र संस्था नोंदवली, वकील नेमले, देणग्यांची लेखी वचने गोळा केली आणि हिशेब मागितला. तेथील काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: मृत्युपत्राने एका विशिष्ट कामासाठी दिलेली मालमत्ता आणि त्या कामासाठी मिळालेल्या देणग्या ते कामच संपवण्यासाठी वापरता येत नाहीत. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जून २०१५ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. माजी विद्यार्थिनींच्या संस्थेने १ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, स्थायी निधीपैकी १ कोटी ६० लाख डॉलरवरील निर्बंध उठवण्यात आले, अध्यक्ष पायउतार झाले आणि संचालक मंडळातही बहुसंख्य नवे सदस्य आले. त्या उन्हाळ्यात अनेकजणी प्रत्यक्ष आवारात जाऊन साफसफाई आणि बागकाम करत होत्या. महाविद्यालय ऑगस्टमध्ये पुन्हा उघडले आणि आजही चालू आहे. परंतु बंदच्या घोषणेनंतर बऱ्याच मुली दुसरीकडे गेल्या होत्या आणि नवे वर्ष जेमतेम अडीचशेच्या आसपास विद्यार्थिनींवर सुरू करावे लागले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयाची हकीकत वेगळी आहे. १८५२ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात पुरुषांना पदवीपूर्व प्रवेश देण्याचा निर्णय १९९० मध्ये झाला, तेव्हा विद्यार्थिनींनी दोन आठवडे संप केला आणि माजी विद्यार्थिनींच्या साथीने तो निर्णय मागे घ्यायला लावला. तीस वर्षांनी आर्थिक संकट पुन्हा उभे राहिले. या वेळी काही माजी विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या, पण विलीनीकरण थांबले नाही, आणि २०२२ पासून मिल्स एका मोठ्या सहशिक्षणाच्या विद्यापीठाचा भाग झाले. मला यातून दिसते ते असे, की एकदाच्या लढ्याने निर्णय मागे घेता येतो, पण दरवर्षी येणारा पैसा आणि दरवर्षी येणाऱ्या मुली त्यातून उभ्या राहत नाहीत.

सार्वजनिक वर्गणीतून शिक्षणसंस्था उभी करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये घराघरांतून जमा होणाऱ्या मूठभर तांदळांच्या आधारावर उभी राहिली. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी अजून यायची होती. कर्वे सामान्य माणसांच्या लहान लहान वर्गण्या जमवत गावोगाव फिरत होते. १९२१ मध्ये त्या विद्यापीठातून पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. आजचे पटावरचे आकडे पाहून खचून जाणाऱ्यांनी हा आकडा जरूर आठवावा.

आता मुली सगळीकडे शिकतात, मग वेगळे महाविद्यालय हवे कशाला, असे माझ्या घरातही विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. जुने ते सारे जपावे, असे माझे म्हणणे नाही. स्वीट ब्रायरच्या मृत्युपत्रात केवळ गोऱ्या मुलींनाच प्रवेश देण्याची अट होती आणि पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तेथे १९६६ मध्ये आली, ती अट मोडली गेली हे योग्यच झाले. परंतु अजूनही काही घरांतून मुलीला बारावीनंतर पुढे शिकू दिले जाते ते महाविद्यालय केवळ मुलींचे आहे आणि वसतिगृह आवारातच आहे म्हणून. त्या मुलीपुढे सहशिक्षणाचे महाविद्यालय आणि महिला महाविद्यालय असे दोन पर्याय नसतात. शिक्षण किंवा लग्न असे असतात. आणि जिथे संमेलनाची सचिव, वादस्पर्धेची प्रमुख, क्रीडांगणावरची कर्णधार, प्रयोगशाळेत उपकरण हाताळणारी प्रत्येक व्यक्ती मुलगीच असते, तिथे पुढे होण्याची सवय लागते. मी बँकेत शाखेची जबाबदारी सांभाळली, ती त्या सवयीच्या बळावर.

आमच्यापुढची पहिली अडचण पैशाची नाही, पत्त्यांची आहे. महाविद्यालयाच्या दप्तरात आमची नोंद माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या पत्त्यावर आहे. लग्नानंतर आडनाव बदलले, काहींचे पहिले नावही बदलले, गाव बदलले, आणि संस्थेच्या दृष्टीने आम्ही नाहीशा झालो. मुलग्यांच्या महाविद्यालयांना हा प्रश्न कधी पडत नाही. त्यांची निमंत्रणे पन्नास वर्षांनीही बरोबर पोहोचतात. म्हणून गोव्यातील माजी विद्यार्थिनींना माझी विनंती आहे, की आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला माहेरचे आणि सासरचे नाव, पदवीचे वर्ष आणि सध्याचा पत्ता लिहून पाठवावा, आणि ओळखीतल्या प्रत्येकीला तसे करायला सांगावे.

दुसरे काम नोंदणीकृत माजी विद्यार्थिनी संघाचे. मेळावा घेऊन छायाचित्रे काढणाऱ्या मंडळाला संस्थाचालकांकडे ताळेबंद मागता येत नाही. नोंदणी, घटना आणि बँक खाते असलेल्या संघाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे असा संघ महाविद्यालयालाही हवाच असतो. संस्थेचे मूळ न्यासपत्र आणि जमीन कोणत्या हेतूने मिळाली त्याची कागदपत्रे मिळवून वाचावीत. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची असल्यास १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि आक्षेप नोंदवायचा तर तो वेळेत नोंदवावा लागतो.

वर्गणी मोठी असण्याची गरज नाही, मात्र ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जायला हवी आणि एखाद्या मुलीच्या वसतिगृहाच्या शुल्काशी जोडलेली असावी, म्हणजे पैसा आणि प्रवेश दोन्ही एकदमच वाढतील. आमच्या महाविद्यालयासाठी फोंडा आणि परिसरातील आम्ही काहीजणी एकत्र येत आहोत. बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू होण्यापूर्वी किमान काही मुलींच्या वसतिगृह शुल्काची लेखी हमी आमच्या सह्यांनिशी प्राचार्यांच्या हाती द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी, फोंडा