बुमराहला झोडण्याआधी पोरांचे चेंडू मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळला, तेव्हापासून ‘कपिलदेवला कुठे लागत होती विश्रांती?’ हा सवाल संपायला तयार नाही. कपिल १३१ कसोट्या खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही, हे खरेच. पण तो अपवाद. १९७३मध्ये ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या मणक्याला फ्रॅक्चर झाले. त्याच देशाच्या पॅट कमिन्सने २०११मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पदार्पण करून एका डावात सहा गडी बाद केले. दुखापतींमुळे पुढची कसोटी खेळायला मार्च २०१७ उजाडला. बुमराहने २०२४-२५मध्ये ऑस्ट्रेलियात १५१.२ षटकांत ३२ बळी मिळवले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडू हातात घेता आला नाही.

वेगवान गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का कमरेपर्यंत जातो. त्याच क्षणी पाठ मागे आणि बाजूला वाकलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला म्हणूनच बहुधा डाव्या बाजूला, कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपाशी दुखते. सतरा-अठरा वर्षांपर्यंत तिथले हाड पुरते पक्के झालेले नसते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, ‘काही नाही, स्नायू आखडलाय’ म्हणून बाम चोळला जातो आणि मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा टाकतो. एका पायावर उभे राहून मागे वाकताना एकाच बाजूला कळ येत असेल, तर गोलंदाजी थांबवून एमआरआयच करायला हवा. वेळेत सापडले तर चार-सहा महिन्यांत परत येता येते. उशीर झाला की हंगाम गेलाच.

आपल्याकडे खरा घात होतो तो परीक्षेनंतर. मार्चभर चेंडूला हात नाही आणि एप्रिलच्या शिबिरात रोज साठ चेंडू, आठवड्याचे साडेतीनशे! हाड एवढी उडी सोसत नाही, आणि दुखणे त्याच आठवड्यात न येता तीन-चार आठवड्यांनी येते, त्यामुळे खापर भलत्याच सामन्यावर फुटते. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड चोवीस चेंडू, तेही निम्म्या जोराने. मग दर आठवड्याला पाचव्या हिश्श्याने वाढ. पाचव्या आठवड्यात दीडशेपर्यंत पोचता येते. पालकांना हे फार संथ वाटते, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट ॲक्शनची, म्हणजे चेंडू टाकण्याच्या ढबीची. मोबाइलवर मागून स्लो-मोशन घ्या आणि मागचा पाय टेकतो तिथे चित्र थांबवा. कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत. छाती फलंदाजाकडे असो वा खांदा, दोन्ही चालते. कंबर समोर आणि खांदे आडवे, ही भेसळ मात्र पाठ खाते. आमच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००६मध्ये वूस्टरशर या इंग्लिश कौंटी संघाकडून खेळताना रन-अप (चेंडू टाकण्याआधीची धाव) आखूड केला, त्या हंगामात ७८ बळी मिळवले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्ध ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत नऊ. तरीही २०११मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीच्या मागचा स्नायू गेला. एवढे करूनही शरीर दगा देते. न करणाऱ्यांचे काय होत असेल?

इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे चौदा-पंधराच्या मुलाला एका स्पेलमध्ये (सलग टप्प्यात) सहा आणि दिवसात बारा षटकांची मर्यादा होती. आपल्याकडे चांगला पोरगा शाळा, क्लब आणि जिल्हा अशा तिन्हींकडून खेळतो. प्रत्येक प्रशिक्षकाला आपलीच षटके माहीत असतात, नेटमधले, म्हणजे सरावातले, चेंडू कुणीच लिहीत नाही. जिल्हा संघटनांनी प्रत्येक वेगवान गोलंदाजाला एक वही द्यावी. सामना आणि नेट दोन्हींचे चेंडू तारखेनिशी लिहावेत, आणि वहीवर सही असल्याखेरीज सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत नाव घेऊ नये.

— एक क्रिकेट प्रशिक्षक, अहिल्यानगर