तीन वर्षांनंतरचे प्रोबेट

महोदय,

मृत्यूला तीन वर्षे उलटली की प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) मिळत नाही, असे सोसायटीच्या कार्यालयापासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ठामपणे सांगितले जाते. डिसेंबर 2025 मध्ये भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम 213 वगळले गेले, तेव्हापासून 'आता प्रोबेट लागतच नाही' असा दुसरा समजही पसरला आहे. वास्तविक गेली ती सक्ती. अर्ज करण्याची तरतूद जागेवर आहे, आणि वारसांत एकमत नसेल तर मृत्युपत्र आजही न्यायालयातच शाबीत करावे लागते.

तीन वर्षांची मुदत येते ती मुदत कायद्याच्या अनुच्छेद 137 मधून. हा अनुच्छेद प्रोबेटला लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये कुंवरजीतसिंग खांडपूर प्रकरणात सांगितले. मात्र मुदत मोजायची ती अर्ज करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून, आणि तो दिवस मृत्यूचाच असेल असे नाही. वडील 2009 मध्ये गेले, आई हयातभर त्याच घरात राहिली, कोणी हरकत घेतली नाही आणि सोसायटीने हस्तांतरासाठी प्रोबेट प्रथम 2024 मध्ये मागितले, तर अर्जाची गरज 2024 मध्ये उद्भवली असे मांडता येते. याउलट, एखाद्या भावाने 2012 मध्येच नोटीस पाठवून मृत्युपत्र खोटे म्हटले असेल आणि त्यानंतर कोणी हालचाल केली नसेल, तर अडचण खरी आहे. अशी नोटीस दडवू नये, ती समोरच्याच्या कपाटात असतेच.

मुंबई उच्च न्यायालयात तीन वर्षांनंतर अर्ज करताना विलंबाचे कारण अर्जातच द्यावे लागते. 'कौटुंबिक अडचणींमुळे उशीर झाला' या वाक्याला काही किंमत नाही. तारखा हव्यात: मृत्युपत्र कधी, कुठे, कोणाला सापडले, घराचा ताबा कोणाकडे होता, बँकेने किंवा सोसायटीने कागद कधी मागितला. त्या पत्राची प्रत जोडावी. मृत्युपत्र उशिरा सापडले असेल, तर ज्याच्या हाती लागले त्याचे स्वतंत्र शपथपत्र द्यावे.

मुदतीची चर्चा भरपूर होते, पण जुने अर्ज प्रत्यक्षात अडतात ते साक्षीदारांपाशी. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि शाबितीसाठी त्यांपैकी एकाचे शपथपत्र पुरते. त्यात 'ही सही माझी आहे' एवढेच लिहून भागत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्यासमोर सही केली (किंवा केलेली सही आपली असल्याचे सांगितले) आणि आपण त्याच्यासमोर सही केली, असे स्पष्ट यावे लागते. दोघेही वारले असतील तर किमान एकाचे हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारी व्यक्ती शोधावी लागते. साक्षीदाराचा मुलगा, जुना सहकारी चालतो; जोडीला त्याच काळातली सही असलेली बँकेची किंवा पेन्शनची कागदपत्रे असावीत. तीस वर्षांपूर्वीचा दस्त आपोआप खरा मानण्याची सवलत मृत्युपत्राला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा सांगितले. नोंदणी झालेली असली तरी साक्षीदार लागतोच.

एक्झिक्युटरचेही (मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यात नेमलेल्या व्यक्तीचेही) तसेच. प्रोबेट फक्त त्यालाच मिळते. तो अर्जाआधीच वारला, किंवा नेमलेलाच नव्हता, तर 'मृत्युपत्रासह लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'चा, म्हणजे मिळकतीची व्यवस्था पाहण्याच्या न्यायालयीन अधिकारपत्राचा, अर्ज करावा लागतो. उरलेली मिळकत ज्याला दिली आहे, त्याचा हक्क त्यात पहिला. या फरकाकडे दुर्लक्ष करून भरलेला अर्ज आक्षेप लागून परत येतो.

वारसांची यादी मृत्यूच्या दिवशी हयात असलेल्यांची करावी. त्यांपैकी नंतर कोणी गेले असेल तर त्याचे वारस आले. संमतीची शपथपत्रे मिळाली की त्या वारसांना सायटेशन (अर्जाची न्यायालयीन नोटीस) काढण्याची गरज उरत नाही. परदेशातल्या भावंडांनी शपथपत्र भारतीय वकिलातीत करावे किंवा नोटरीपुढे करून अपोस्टिल (परदेशी दस्त खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) घ्यावे. नावातला फरक (मृत्यूच्या दाखल्यावर एक, मृत्युपत्रावर दुसरे) अर्जाच्या शीर्षकातच 'उर्फ' लिहून मिटवावा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय.

मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा होते, म्हणून त्याला लॅमिनेशन करू नये, नवी पिन टोचू नये, खाडाखोड दुरुस्त करायला जाऊ नये. मृत्यूनंतर मूळ प्रत गहाळ झाली असल्यास प्रतीवरूनही प्रोबेट मिळू शकते, पण ती मृत्यूसमयी अस्तित्वात होती हे दाखवावे लागते. महाराष्ट्रात न्यायालय शुल्काला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. मुंबईतल्या बहुतेक सदनिकांना ती लागतेच, तेवढी रक्कम धरून चालावे.

सायटेशन मिळालेल्या वारसाने चौदा दिवसांत कॅव्हेट (हरकतीची नोंद) आणि त्यानंतर नियमातील मुदतीत त्याला पूरक शपथपत्र दाखल केले, तर अर्जाचे दाव्यात रूपांतर होते. मग उलटतपासणी आली, आणि ऐंशीच्या घरातल्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे राहावे लागते. म्हणून घरात मृत्युपत्र असेल तर वकील गाठण्याआधी साक्षीदारांचे सध्याचे पत्ते आणि प्रकृती यांची चौकशी करावी.

एक वाचक, गिरगाव, मुंबई